'आय डाउट' वाक्यात नेमकं कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्रपाळीत तुम्ही इंग्लंडमधल्या सहकाऱ्याला मेसेज टाकलात, 'आय डाउट द सर्व्हर इज डाउन.' तुम्हाला म्हणायचं होतं, सर्व्हर बंद पडलाय अशी शंका येतेय, जरा बघ. त्याने 'गुड, थँक्स' असं उत्तर दिलं आणि तो दुसऱ्या कामाला लागला. आता तुम्ही विचारताय, वाक्य व्याकरणात बसत नव्हतं का, आणि 'आय डाउट' वापरायचं तरी कसं?

व्याकरणात तुमचं वाक्य चोख बसतं, आणि घोटाळा त्यामुळेच झाला. मोडकंतोडकं असतं तर त्याने 'म्हणजे काय?' असं विचारलं असतं. पण या वाक्याचा सरळ अर्थ होतो, 'सर्व्हर बंद असेल असं मला वाटत नाही.' त्याने तेवढंच वाचलं आणि निर्धास्त झाला.

मी कंपन्यांमधल्या लोकांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो आणि जोडीला कोर्टकचेरीच्या कागदांचे अनुवाद करतो. दोन्हीकडे हा एक शब्द जितका गोंधळ घालतो तितका मोठमोठे अवघड शब्दही घालत नाहीत. अवघड शब्द आला की माणूस निदान शब्दकोश उघडतो. 'डाउट' आपल्याला शाळेपासून येतो असं आपण धरून चालतो.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच: इंग्रजी 'डाउट' हे क्रियापद नेहमी 'नाही'कडे झुकलेलं असतं. 'आय डाउट ही विल कम' म्हणजे तो येईल असं वाटत नाही. 'आय डाउट शी नोज' म्हणजे तिला माहीत नसणार. म्हणून लिहिण्याआधी 'आय डाउट'च्या जागी 'मला नाही वाटत' घालून बघायचं. 'मला नाही वाटत सर्व्हर बंद आहे.' हेच म्हणायचं होतं का? नव्हतं. मग तिथे 'डाउट' नको, 'सस्पेक्ट' हवं: 'आय सस्पेक्ट द सर्व्हर इज डाउन.' कामाच्या मेसेजमध्ये 'इट लुक्स लाइक द सर्व्हर इज डाउन, कॅन यू चेक?' हे त्याहून बरं. रात्री दोन वाजता कोणालाच शब्दांच्या छटा नको असतात.

आता आपली गफलत का होते ते बघू. दोष आपल्या इंग्रजीचा कमी आणि आपल्या 'शंका' या शब्दाचा जास्त आहे. मराठीत शंका दोन्ही बाजूंना झुकते. ही दोन वाक्यं बघा:

'तो वेळेवर येईल का, शंकाच आहे.'

'तो पैसे खातो अशी मला शंका आहे.'

पहिल्यात बोलणाऱ्याचा कल 'येणार नाही' असा आहे. दुसऱ्यात कल 'खातो' असा आहे. शब्द तोच, झुकाव उलटा, आणि तरी मराठी ऐकणाऱ्याला कधी अडखळायला होत नाही, कारण वाक्याची बांधणीच त्याला सांगते. 'का' किंवा 'की नाही' आलं, तर मन नकाराकडे. 'अशी शंका' आली, तर मन होकाराकडे. पहिल्या जातीच्या वाक्याला इंग्रजीत 'डाउट' लागतो: 'आय डाउट इफ ही विल कम ऑन टाइम.' दुसऱ्या जातीला 'सस्पेक्ट': 'आय सस्पेक्ट ही टेक्स ब्राइब्स.' वर्गात मी याची एक घरगुती खूण देतो. मनात पाल चुकचुकली, तर 'सस्पेक्ट'. पाल कधीच 'नसेल बुवा' म्हणून चुकचुकत नाही. काहीतरी आहे म्हणूनच चुकचुकते.

यापेक्षा वाईट फसगत नकारार्थी वाक्यात होते. आपण सहज म्हणतो, 'मला शंका आहे की तो येणार नाही.' मनात स्पष्ट असतं की तो येणार नाही. हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की होतं 'आय डाउट ही वोन्ट कम'. 'डाउट'मध्ये एक 'नाही' आधीच बसलेला आहे, त्यात 'वोन्ट'चा दुसरा आला, आणि वाक्याचा अर्थ झाला 'तो येणार नाही असं मला वाटत नाही', म्हणजे येईलच. तुम्ही त्याच्या न येण्याची सूचना दिलीत आणि समोरच्याने त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवली. 'डाउट'नंतर 'नॉट', 'वोन्ट', 'कान्ट', 'डिडन्ट' यांतलं काही लिहिलं गेलं की हात थांबवायचा. तिथे दहातल्या नऊ वेळा काहीतरी बिनसलेलं असतं.

'डाउट'च्या पोटात 'नाही' लपलाय हे माझंच म्हणणं नाही, इंग्रजीचं व्याकरणही त्याची साक्ष देतं. 'एनी', 'एव्हर', 'ॲट ऑल' हे शब्द इंग्रजीत बहुतेक करून नकारात किंवा प्रश्नात येतात. 'ही हॅज एनी मनी' असं सुटं विधान कोणी करत नाही. 'ही डझन्ट हॅव एनी मनी' मात्र चालतं. आता बघा, 'आय डाउट ही हॅज एनी मनी' चालतं. 'आय डाउट शी विल एव्हर कम बॅक' चालतं. 'नॉट' कुठेच दिसत नाही, तरी 'एनी' आणि 'एव्हर' निवांत बसलेत, कारण तो नकार 'डाउट'नेच पुरवलाय. याउलट 'आय सस्पेक्ट'नंतर 'सम' येतं: 'आय सस्पेक्ट ही हॅज सम मनी.' ज्यांना झुकावाची गोष्ट पटत नाही त्यांना मी या दोन वाक्यांपाशी थांबायला सांगतो.

बांधणीचं बोलायचं तर 'आय डाउट'नंतर चार गोष्टी येऊ शकतात. 'इफ', 'वेदर', 'दॅट', किंवा मधे काहीच नाही आणि थेट वाक्य. जुनी व्याकरणं सांगत की होकारार्थी वाक्यात 'वेदर' किंवा 'इफ' हवं आणि 'दॅट' फक्त 'आय डोन्ट डाउट दॅट...' अशा नकारात किंवा प्रश्नात. आज 'आय डाउट दॅट ही विल कम' सर्रास लिहिलं जातं आणि त्यात कोणी चूक काढत नाही. थोडा फरक उरतो तो असा: 'वेदर' आणि 'इफ'मध्ये दार किलकिलं असतं, 'दॅट'मध्ये किंवा काहीच न घालता बोललात तर ते जवळजवळ लागलेलं असतं. बोलताना 'आय डाउट ही विल कम' पुरे, अहवालात 'इट इज डाउटफुल वेदर...' शोभतं. नकार करायचा असेल, म्हणजे शंका नाही असं सांगायचं असेल, तर मात्र 'दॅट'च: 'आय डोन्ट डाउट दॅट शी वर्क्स हार्ड, बट...' पुढचा 'बट' बहुतेक येतोच.

थोडक्यात उत्तर द्यायचं असेल तर 'आय डाउट इट'. 'आज पाऊस पडेल?' 'आय डाउट इट.' आपल्या 'शंकाच आहे'चा हा सख्खा भाऊ, आणि दोन्ही त्याच सुरात, किंचित ओठ काढून म्हटले जातात. 'आय थिंक सो', 'आय होप सो', 'आय सस्पेक्ट सो' यांच्या ओघात लोक 'आय डाउट सो' म्हणून जातात. ते इंग्रजीत नाही.

दुसरं, 'आय डाउट ऑन हिम'. हे आपल्या 'त्याच्यावर'मधलं 'वर' आहे. संशय मराठीत कोणावर तरी घ्यावा लागतो, इंग्रजीत 'डाउट'ला मधे काही लागत नाही. 'आय डाउट हिम' म्हणजे त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही. त्याने काहीतरी केलं असावं असं म्हणायचं असेल तर 'आय सस्पेक्ट हिम'. दोन अगदी वेगळे आरोप आहेत हे. पहिल्यात माणूस थापाड्या ठरतो, दुसऱ्यात गुन्हेगार. 'ऑन' येतो तो नामाबरोबर, एका ठरलेल्या शब्दप्रयोगात: 'द न्यू रिपोर्ट कास्ट्स डाउट ऑन द अर्लियर फिगर्स.' नव्या अहवालाने आधीच्या आकड्यांबद्दल शंका निर्माण केली. हे वर्तमानपत्रात वाचून 'ऑन' डोक्यात बसत असेल तर नवल नाही, पण तो 'कास्ट'सोबतच ठेवा.

आणि 'आय ॲम डाउटिंग' टाळा. आपण 'मी शंका घेतोय' म्हणतो, पण इंग्रजीत 'नो' (म्हणजे माहीत असणं), 'बिलीव्ह', 'डाउट' ही मनाच्या स्थितीची क्रियापदं एरवी 'इंग' घेत नाहीत. 'आय ॲम बिगिनिंग टू डाउट हिज स्टोरी' मात्र चालतं, कारण तिथे चालू असते ती सुरुवात.

इथे एक गंमत सांगतो, कारण ती कळल्यावर तुम्हाला तुमच्या वाक्याबद्दल जरा कमी वाईट वाटेल. 'डाउट'चा अर्थ इंग्रजीत पूर्वी दोन्हीकडे झुकत असे, अगदी आपल्या शंकेसारखा. शेक्सपिअरच्या सुमारे 1600 सालच्या 'हॅम्लेट' नाटकात बापाचं भूत हत्यारबंद होऊन फिरतंय हे कळल्यावर हॅम्लेट म्हणतो, 'आय डाउट सम फाउल प्ले.' त्याला म्हणायचंय, काहीतरी घातपात झालाय असा मला संशय येतोय. आजच्या 'डाउट'ने वाचलं तर 'घातपात झाला असेल असं मला वाटत नाही' असा उलटा अर्थ निघेल आणि नाटक पहिल्याच अंकात संपेल. स्कॉटलंडमध्ये हा जुना अर्थ अजून बोलण्यात आहे. तिथला म्हातारा 'आय डाउट इट विल रेन' म्हणाला तर छत्री घ्यायची. त्याला पाऊस पडेल अशी भीती वाटतेय. म्हणजे तुमचा सहकारी लंडनऐवजी स्कॉटलंडच्या एखाद्या जुन्या वळणाच्या घरातला असता तर कदाचित सर्व्हर बघायला उठला असता. हा युक्तिवाद मॅनेजरसमोर करू नका.

जाता जाता उच्चार: 'डाउट'मधला 'बी' मुका. मध्ययुगीन इंग्रजीत तो लिहीतही नसत, फ्रेंचमधून शब्द आला तो 'बी'शिवाय. पुढे विद्वानांना लॅटिनमधला 'दुबितारे' आठवला आणि त्यांनी स्पेलिंगमध्ये 'बी' घुसवला. जिभेने तो कधी मानला नाही. 'डेट', म्हणजे कर्ज, याचंही तसंच झालं. 'ड्युबियस' या भावंडात मात्र 'बी' उच्चारायचा. 'डाउटफुल' आणि 'ड्युबियस' दोन्ही 'शंकास्पद' असले तरी 'ड्युबियस डील' म्हटलं की वास येतो.

आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या वाक्याकडे येऊ: 'सर, आय हॅव अ डाउट.'

भारतात याचा अर्थ 'मला एक प्रश्न विचारायचाय'. शाळेत, क्लासमध्ये, कोटापासून लातूरपर्यंत 'डाउट' विचारले जातात, 'डाउट सॉल्व्हिंग'चे तास असतात, आणि शंकासुर पोरगा पहिल्या बाकावर असतो. भारतीय इंग्रजीत हा अर्थ रुळलाय, इथे इथल्या माणसाशी बोलताना तो बदलायची काही गरज नाही. आपल्याकडे 'शंका विचारणे' आणि 'शंकासमाधान' हे शब्द असताना 'डाउट'ने तेच काम उचललं यात वावगंही काही नाही. अडचण येते ती मेल परदेशी गेल्यावर.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला डिझाइन इंजिनिअर जर्मनीतल्या किंवा इंग्लंडमधल्या ग्राहकाला लिहितो, 'आय हॅव अ डाउट इन युअर ड्रॉइंग.' त्याला एवढंच विचारायचंय की त्या भोकाचा व्यास दहा धरायचा की बारा. तिकडे वाचणाऱ्याला वाटतं, याच्या मते आपलं ड्रॉइंग चुकीचं आहे. आणि तो 'अ डाउट'ऐवजी 'डाउट्स' लिहून बसला, 'आय हॅव डाउट्स अबाउट युअर ड्रॉइंग', तर मग ते रीतसर अविश्वास दाखवणंच झालं. बाहेरच्या इंग्रजीत 'आय हॅव माय डाउट्स' हा ठरलेला प्रयोग आहे आणि तो 'मला काही हे खरं वाटत नाही' अशाच वेळी येतो. तिथे लिहायचं 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द ड्रॉइंग', किंवा नुसतं 'कुड यू कन्फर्म द डायमीटर?' माझ्या मते दुसरं जास्त चांगलं. प्रश्न विचारायचाय हे आधी जाहीर करायची आपली सवय वर्गातली आहे, मेलमध्ये थेट प्रश्न विचारला तरी कोणी उद्धट म्हणत नाही.

अनुवादाच्या टेबलावर हाच शब्द जास्त जपून हाताळावा लागतो. पोलीस जबाबात वाक्य असतं, 'सदरची चोरी माझे शेजारी राहणारा इसम याने केली असावी असा माझा संशय आहे.' मी तपासलेल्या अनुवादांत या जागी 'आय डाउट दॅट माय नेबर कमिटेड द थेफ्ट' असं छानपैकी टाइप केलेलं सापडलंय. म्हणजे फिर्यादीनेच शेजाऱ्याची बाजू घेतली! इथे 'सस्पेक्ट'शिवाय गत्यंतर नाही. 'संशयित' या शब्दावरून हे सहज आठवतं. वर्तमानपत्रातला 'संशयित' म्हणजे इंग्रजीतला 'सस्पेक्ट'. जोर मात्र बदलतो: माणूस असेल तर पहिल्या अक्षरावर, क्रिया असेल तर दुसऱ्यावर.

आणि तरीही निकालाच्या बातमीत आपण लिहितो, 'संशयिताची संशयाचा फायदा देऊन मुक्तता.' एकाच ओळीत दोन संशय, आणि दोघांचं तोंड दोन दिशांना. पहिला पोलिसांचा: याने केलं असावं. दुसरा न्यायाधीशांचा: केलं असेलच असं म्हणवत नाही. इंग्रजीत पहिला 'सस्पिशन', दुसरा 'डाउट'. मराठी वाचकाला हे वाक्य खटकत नाही, अनुवादकाला खटकलं पाहिजे.

'बेनिफिट ऑफ द डाउट'मधला 'द' भारतातल्या निकालपत्रांत बरेचदा गळतो. न्यायालयाच्या कागदाचा अनुवाद करताना तिथे आहे तसं ठेवा. एरवीच्या लिखाणात 'द' घाला: 'लेट अस गिव्ह हिम द बेनिफिट ऑफ द डाउट.' क्रिकेटमध्ये पंचाला खात्री नसली की फलंदाजाला मिळतो तोच हा फायदा. गुन्हा सिद्ध होण्याच्या कसोटीसाठी आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 'बियॉन्ड रीझनेबल डाउट' म्हणतात, अमेरिकेत मधे एक 'अ' येतो. क्रिकेटवरून आठवलं, दुखापत झालेला खेळाडू 'डाउटफुल फॉर द टेस्ट' असतो. त्याच्या चारित्र्याबद्दल काही म्हणायचं नसतं, तो खेळेल असं दिसत नाही एवढंच.

'नो डाउट' आपण मराठी बोलतानाही वापरतो. 'नो डाउट, पोरगा हुशार आहे, पण कष्ट घेत नाही.' ही सवय इंग्रजीशी जुळते. 'नो डाउट' तिथेही बऱ्याचदा पुढच्या 'बट'साठी जागा करून देतो. पण लोकांना वाटतं तितका हा प्रयोग ठाम नाही. 'नो डाउट ही विल कॉल लेटर' म्हणजे 'करेल फोन नंतर, बहुतेक', कधीकधी तर त्यात 'करेल मेला, त्याला सवयच आहे' असा वैतागही असतो. 'डाउटलेस'ही तसाच मवाळ. खरंच तिळमात्र शंका नसेल तर पूर्ण वाक्य लागतं: 'देअर इज नो डाउट दॅट द पंप फेल्ड फर्स्ट.' 'विदाउट अ डाउट' आणि 'अनडाउटेडली' हेही ठाम. ऑडिटच्या अहवालात 'नो डाउट द पंप फेल्ड' लिहिलंत तर तुम्ही अंदाज बांधताय असं वाचलं जाईल. आणि 'नो डाउट दॅट' असं अर्धवट जोडू नका. 'दॅट' हवा असेल तर आधी 'देअर इज' आणा.

शेवटी सूर. वाक्य बरोबर असूनही माणूस दुखावला जाऊ शकतो. वरिष्ठ विचारतात, 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' आणि तुम्ही म्हणता, 'आय डाउट इट.' अर्थ बरोबर, पण हे आपल्या 'काही होत नाही शुक्रवारपर्यंत' इतकंच रोखठोक आहे. मित्राशी चालेल. वरिष्ठांशी किंवा ग्राहकाशी 'आय ॲम नॉट शुअर वी कॅन फिनिश बाय फ्रायडे' म्हणा, आणि लगेच 'मंडे लुक्स मोअर रिअलिस्टिक' असं काहीतरी पुढे ठेवा. उलट बाजूने हेही ध्यानात असू द्या की एखादा इंग्रज तुमच्या सूचनेवर 'हं, आय ॲम नॉट शुअर अबाउट दॅट' म्हणाला, तर त्याला खात्री करून घ्यायला आणखी माहिती हवी आहे असं समजून चार तक्ते पाठवू नका. बहुतेक वेळा त्याने नाही म्हटलेलं असतं.